ठिगळांच्या कोटाची निंदणी

मी आयुष्यात एकही कागद हरवलेला नाही. नष्ट पुष्कळ केले, पण हरवला एकही नाही, आणि या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्याने दफ्तरखान्याची पायरी उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकोणतीस वर्षं मी आमच्या कार्यालयाचं रेकॉर्ड सांभाळतो. वर साहेब येतात, साहेब जातात. खाली तळघरात मी आणि माझे गठ्ठे तसेच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा माझ्याविषयी भलताच ग्रह होणार आहे.

तर झालं असं, की आमची ढमी दीड महिन्यासाठी बोगद्यात गेली.

ढमी म्हणजे माझी लेक. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता सत्तावीस वर्षांची आहे, काडीसारखी आहे, दगडांतली तज्ज्ञ आहे, डोंगर पोखरणाऱ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे; पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कामाच्या जागी नेट नाही. रविवारी तेवढं बाहेर यायचं, साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल बघायचे आणि घरी फोन करायचा. एवढं सगळं असून जाताना तिला घोर लागला होता तो आमचा नव्हे, तिच्या गेमचा.

हा गेम म्हणजे एक बंदराचं गाव. त्यात प्रत्येकाची एक बाहुली असते. ढमीची बाहुली निळ्या केसांची आहे. ती मासे धरते, कंदील लावते, धक्क्यावर उगाच उभी राहते. रोज गावात शिरून वेशीवरची घंटा वाजवली की हजेरी लागते. ढमीने आठ वर्षांत एक दिवस खाडा केला नव्हता. हे ऐकून मला गहिवरूनच आलं, कारण आमच्या कार्यालयात असा एकही इसम नाही, मला धरून. आता ती बोगद्यात गेल्यावर ही हजेरी मोडणार होती.

"बाबा, तुम्ही वाजवाल का रोज घंटा?" तिने विचारलं.

आईला नाही विचारलं, मला विचारलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. लेक मोठी झाली की बापाकडे मागण्यासारखं काही उरत नाही. कॉलेजला गेल्यापासून तिचं-माझं बोलणं म्हणजे "जेवलीस का" आणि "हो". त्यामुळे तिने आपला पासवर्ड स्वतःच्या अक्षरात लिहून माझ्या हातात ठेवला, तेव्हा मला तिजोरीची किल्ली मिळाल्यासारखं झालं. सोबत एक सूचनापत्रकही होतं. एक, रोज गेम उघडा. दोन, घंटा वाजवा. तीन, बंद करा. चार, बाकी कशालाही हात लावू नका, बाबा. पाच, काही गडबड झाली तर साइट ऑफिसला फोन करा, मला निरोप मिळतो. चौथ्या सूचनेखाली दोन रेघा मारल्या होत्या. ही सूचना मला उद्देशून असेल असं माझ्या मनातही आलं नाही. असल्या सूचना आम्ही जनतेसाठी लावतो.

आठ दिवस मी सकाळी सात दहाला, आंघोळ करून, घंटा वाजवली. वेगळी वही केली, तारीख आणि वेळ टाकली, सही केली. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं की सही कोणासाठी. मी सहीखाली रेघ मारली. नववा दिवस बुधवार होता. घंटा वाजवली आणि पडद्यावर पाटी आली: पेटी भरली आहे, आजचं बक्षीस ठेवायला जागा नाही, जागा केल्याशिवाय हजेरी लागणार नाही.

आता आली का पंचाईत. आठ वर्षांची हजेरी, आणि ती माझ्या हातून मोडायची? पाचवी सूचना मला आठवली नाही असं नाही. पण जागा नाही म्हणून फोन करायचा? मी? ज्याने तीन खोल्यांचं रेकॉर्ड एका खोलीत बसवून दाखवलं, त्या मी? मी पेटी उघडली. तीनशे वस्तू, एकीचा दुसरीला मेळ नाही. वरच्या साहेबांच्या टेबलावरसुद्धा एवढा गोंधळ नसतो. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि निंदणी काढायला बसलो.

निंदणी म्हणजे काय ते सांगतो. शेतातलं तण उपटतात तसे दफ्तरातले निरुपयोगी कागद काढून नष्ट करायचे. त्याला वर्ग असतात. अ म्हणजे कायमचं जपायचं. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे दहा. आणि ड म्हणजे वर्ष उलटलं की रद्दी. हे वर्ग पाडायला नजर लागते, आणि ती नजर माझ्याकडे आहे असं तीन साहेबांनी लेखी दिलेलं आहे. मी रेघा मारून तक्ता केला आणि एकेक वस्तू तपासली. सोनेरी तलवार, अ. पंख असलेले बूट, अ. चमकणारा घोडा, अर्थातच अ. मग अनुक्रमांक सतरा आला. एक कोट होता. मळकट, विटलेला, कोपरावर ठिगळ, पाठीवर ठिगळ, खिसा लोंबतोय. मिळाल्याची तारीख आठ वर्षांपूर्वीची. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: उपयोग नाही, फक्त अंगात घालण्यासाठी. उपयोग नाही असं खुद्द गेमची कंपनीच लिहिते म्हटल्यावर माझ्यासारख्याने आणखी काय बघायचं? मी शेरा मारला: जीर्ण, कालबाह्य, वर्ग ड.

अशा एकूण एक्केचाळीस वस्तू निघाल्या. नष्ट करताना गेमने मला तीनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना, नक्की ना. नष्ट करण्याआधी तीनदा विचारणारं कार्यालय मी प्रथमच पाहिलं आणि मनात त्यांना शाबासकी दिली. तिन्ही वेळा हो म्हटलं. पेटी आरशासारखी लख्ख झाली. घंटा वाजली, हजेरी लागली, आणि मी दुपारी ऑफिसात गेलो तो शीळ घालतच.

दुसऱ्या दिवशी माझी दाढ भरायची होती. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. बाई हुशार, हात हलका, पण बोलण्याची फार आवड. आणि समोरच्याचं तोंड उघडं असल्यामुळे मध्ये कोणी बोलत नाही. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, जबड्यात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि म्हणाल्या की ढमीने सांगितलं, हल्ली तुम्ही तिची घंटा वाजवता म्हणे. बाईपण त्याच गेममध्ये आहेत हे मला तेव्हा कळलं. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात खेळतात.

"तुमच्या हातात केवढा मोठा ऐवज आहे, कल्पना आहे का तुम्हाला? तिच्याकडे ठिगळांचा कोट आहे."

मी "आँ" म्हटलं. त्या खुर्चीत तेवढंच म्हणता येतं.

बाई दाढ कोरत कोरत सांगू लागल्या. गेम सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात बंद पडला. वेस उघडेना. बाहेर बाहुल्यांची ही रांग. लोक कंटाळून गेले. तीन दिवस जे हटले नाहीत, त्यांना कंपनीने दिलगिरी म्हणून घाईघाईत एक कोट शिवून दिला. चारशे बारा लोक होते. त्यानंतर तो कोट कधीही निघाला नाही. बाजारात मिळत नाही, कोणी कोणाला देऊ शकत नाही. गावात लाखो बाहुल्या, त्यांत कोट चारशे बारा. कोटवाले एकमेकांना लांबून ओळखतात, धक्क्यावर जमतात. बाई स्वतः दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग सोडून गेल्या होत्या, एका अक्कलदाढेसाठी. आठ वर्षं झाली, अजून त्या रोग्याचं नाव काढलं की त्यांचा हात जरा जड पडतो.

मी कसंबसं विचारलं की त्याचा उपयोग काय. बाईंना कापसातलंही कळतं.

"काही नाही. म्हणून तर," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. मी मान हलवून नाही नाही म्हणत होतो, तर त्यांना वाटलं फारच दुखतंय, म्हणून तिसरंही दिलं. घरी आलो तेव्हा माझा अर्धा चेहरा माझा नव्हता.

हिला सगळं सांगितलं, म्हणजे तीन वेळा सांगितलं, कारण जीभ वळत नव्हती. ही भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"झाकणांच्या वेळी तिला काय सांगितलं होतंत, ते आठवतंय का?"

आता हा विषय मध्ये आणायची काही गरज नव्हती. ढमी नऊ वर्षांची असताना बाटल्यांची झाकणं गोळा करायची. पत्र्याचा एक डबा भरला होता, गंजकी, चेपलेली, कुठली कुठली. एका सुट्टीच्या दिवशी मी घराची निंदणी काढली त्यात तो डबा गेला. पोरीने आकांत केला. म्हणून मी सांगितलं, की रंगारी आला होता ना, त्याने चुकून नेला असेल. मुलांना असं काहीतरी सांगावंच लागतं. ती रडायची थांबली, आणि त्यानंतर तिने घरात काही गोळा केलं नाही. मी तर समजत होतो, की माझ्यामुळे पोरीला शिस्त लागली.

ही म्हणाली, साइट ऑफिसला फोन करा, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, जीभ वळत नाही. संध्याकाळी जीभ वळली, तेव्हा म्हटलं, आता ऑफिस बंद असेल. शुक्रवारी म्हटलं, कामाच्या वेळी कुठे त्रास द्यायचा. माणूस एकदा टाळायला लागला की कारणं हात जोडून उभी राहतात. खरं कारण एवढंच, की मला त्या पोरीच्या तोंडून "परत?" हा शब्द ऐकायचा नव्हता.

त्याऐवजी मी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी कधी कोणता गेम पाहिलेला नाही, पण सल्ल्याला तशी अट नसते. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले की लेखी द्या, लेखी दिल्याशिवाय जग हलत नाही. मला एकदम धीर आला. अर्ज हा तर माझा प्रांत. कंपनीच्या मदतकक्षात एक चौकोन असतो, त्यात तक्रार लिहायची. मी लिहिलं: विषय, अनवधानाने नष्ट झालेला कोट नग एक परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की. मुख्याध्यापकांनी शुद्धलेखन तपासलं. शेवटी मी विशेष बाब म्हणून एक ओळ घातली: सदर बाब अर्जदाराच्या मुलीस कळू नये, ही नम्र विनंती. मुख्याध्यापकांनी ती ओळ अधोरेखित करायला सांगितली, पण चौकोनात तशी सोय नव्हती.

पाठवल्यावर पडद्यावर आलं: आपली तक्रार मिळाली, उत्तर खातेदाराला कळवले जाईल. मी वाट बघत बसलो.

उत्तर नाही. पोचपावतीही नाही. मी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं स्मरणपत्र. मग अत्यंत तातडीचे. मग वरिष्ठांकडे अपील. मला संताप आला. आमच्या खिडकीवर लोक येतात, ओरडतात, माझ्या अर्जाचं काय झालं म्हणतात. मी शांतपणे सांगतो, की उत्तर मूळ अर्जदाराच्या नोंदलेल्या पत्त्यावर गेलेलं आहे, तुम्ही त्यांचे भाऊ असा, जावई असा, इथे मिळणार नाही. निदान उत्तर गेलेलं तरी असतं. इथे त्याचाही पत्ता नाही. असला गलथान कारभार मी एकोणतीस वर्षांत पाहिला नव्हता.

रविवारी ढमीचा फोन आला. मागच्या रविवारी तिने गेमचं अक्षरही काढलं नव्हतं. या वेळी हवापाणी झालं, आईशी बोलून झालं, आणि मग ती सहज म्हणाली, "बाबा, माझा तो जुना कोट आहे ना नीट?"

मी म्हटलं, "आहे की. मस्त आहे."

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी पेपर वर धरला.

इथून पुढे सगळं हाताबाहेर गेलं. रोज घंटा वाजवायला गावात शिरायचं, आणि शिरलं की धक्क्यावरचे कोटवाले दिसायचे. आठ-दहा जण, मळकट कोट घालून राजासारखे उभे. त्यांतला एक, स्वतःला लंगडा बगळा म्हणवतो, त्याने मला हटकलं. म्हणजे ढमीच्या बाहुलीला हटकलं. कोट कुठे, म्हणाला. आठ वर्षांत तुला धक्क्यावर कोटाशिवाय पाहिलं नाही. मी लिहिलं: धुवायला टाकला आहे.

आता त्या गावात काहीही धुतलं जात नाही. कपडे मळतच नाहीत. हे मला काय ठाऊक? बगळा म्हणाला, धुवायला? कुठे? मी म्हटलं, नेहमीच्या ठिकाणी. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला गावात शिरलो तर धक्क्यावर ही गर्दी. गावात गुप्त धोबी आला आहे आणि तो ठिगळांचा कोट नवा करून देतो, अशी बातमी पसरली होती. लोक विहिरीत उड्या मारत होते, दीपस्तंभाच्या मागे खणत होते. निळ्या केसांची बाई दिसली की पाठोपाठ पन्नास जण. मी घंटा वाजवून पळायचो. चौथ्या दिवशी कंपनीला जाहीर करावं लागलं की गावात धोबी नाही. त्याने लोकांची खात्रीच पटली. कोणतंही कार्यालय नाही म्हणालं की आहे, एवढं जनतेला कळतं.

त्या रविवारी ढमीने पुन्हा विचारलं. "कोट बरा आहे ना, बाबा?" मी तोपर्यंत सरावलो होतो. म्हटलं, कालच घातला होता बाहुलीच्या अंगात, छान दिसतो, जुनं ते सोनं. लाइन तुटली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," ती म्हणाली. "ऐकतेय."

त्या आठवड्यात मी नऊ अर्ज केले. एकूण सतरा झाले. सतराव्यात मी भाषा जरा वाढवली. लिहिलं की आपण चारशे बारा लोकांना कोट देता आणि एका गरजू बापाला एक देऊ शकत नाही, हा कुठला न्याय? असा कोट मागेल त्याला मिळाला पाहिजे. हे वाक्य मुख्याध्यापकांचं. ते म्हणाले, मागणी नेहमी सार्वत्रिक करावी, वैयक्तिक मागणी फेटाळायला सोपी जाते.

फेटाळली नाही हो. मान्य केली. शनिवारी सकाळी गावाच्या वेशीवर भली मोठी पाटी लागली: धोब्याच्या प्रकरणात सदस्यांनी दाखवलेला प्रचंड उत्साह आणि एका सदस्याचा सततचा लेखी पाठपुरावा लक्षात घेऊन, ऐतिहासिक ठिगळांचा कोट आजपासून सर्वांना मोफत देण्यात येत आहे. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मी हिला हाक मारली. मी मुख्याध्यापकांना जिन्यातून हाक मारली. एकोणतीस वर्षांत माझ्या एका टिपणीवर असा निर्णय झाला नव्हता. कोट घेतला, बाहुलीच्या अंगात घातला, गोल फिरवून पाहिला. तेच ठिगळ, तोच लोंबता खिसा. आता कोणाला काय कळणार होतं?

तसाच ऐटीत धक्क्यावर गेलो. धक्क्यावर कोटच कोट होते. कोळिणी, खलाशी, काल आलेली पोरंटोरं, एक माणूस तर घोड्यालाही घालू बघत होता. कोपऱ्यात लंगडा बगळा उभा होता, नुसत्या बनियनवर. त्याच्या आसपास ते आठ-दहा जण, तेही तसेच. त्यांनी आपापले कोट काढून ठेवले होते. मी विचारलं, का? बगळ्याने लिहिलं की आता ओळखणार कोणाला आणि कशावरून. मग एकेक करून ते गावातून निघून गेले.

संध्याकाळी दाढेवर टोपी बसवायला गेलो. म्हटलं, निदान बाई तरी खूश असतील, आठ वर्षांची इच्छा पुरी झाली. बाईंनी माझ्या तोंडात नळी अडकवली आणि कधी नव्हे ते गप्प काम केलं. शेवटी म्हणाल्या की घेतला मीपण. पाच मिनिटं घातला आणि काढला. रांग सोडून गेलेल्यालाही मिळतो म्हटल्यावर तो कोट तो नव्हेच. कोण मूर्ख अर्ज करत बसला होता देव जाणे, म्हणाल्या. मी "आँ" म्हटलं.

रविवारी ढमीचा फोन आला. मी तयारीत होतो. तिने विचारायच्या आतच म्हटलं, कोट एकदम छान आहे हं.

"त्याच्यावर तारीख काय आहे, बाबा?"

मी चष्मा लावून बघितलं. तारीख कालची होती.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी आवाज चढवला असता. तिने सावकाश सांगितलं. खातेदार ती आहे. पत्ता तिचा नोंदलेला आहे. कंपनीचा प्रत्येक मेल तिच्याकडे जातो. सतराच्या सतरा पोचपावत्या तिच्याकडे आहेत, खाली माझे अर्ज जसेच्या तसे. सदर बाब अर्जदाराच्या मुलीस कळू नये, हेही. साइट ऑफिसमध्ये प्रिंटरवर निघालं तेव्हा आधी तिला हसू आलं होतं, म्हणाली.

"आणि सगळ्यात पहिला मेल बुधवारचा होता. एक्केचाळीस वस्तू नष्ट केल्या, चुकून झालं असेल तर तीन दिवसांत परत मिळतील, खातेदाराने इथे दाबावं. मी रविवारी बघितला. तेव्हा मुदत संपून एक दिवस झाला होता. बाबा, तुम्ही बुधवारी एक फोन केला असतात, तर कोट आला असता. गुरुवारी केला असतात, तरी आला असता."

एकोणतीस वर्षं मी जे वाक्य खिडकीवर बसून लोकांना ऐकवलं, की उत्तर मूळ अर्जदाराच्या पत्त्यावर गेलेलं आहे, ते माझं मला समजलं नव्हतं.

"मी दर रविवारी विचारत होते. वाटायचं, आज सांगतील." मग म्हणाली, "झाकणं रंगाऱ्याने नेली नव्हती ना?"

अठरा वर्षं झाली होती त्याला. मी म्हटलं, "नाही. मी टाकली."

"माहीत होतं मला. मी तेव्हाच खाली कचऱ्यापाशी डबा बघितला होता. तुम्ही काय सांगता ते बघत होते." एवढं बोलून तिने आईला फोन द्यायला सांगितलं.

सोमवारी सकाळी सात दहाला मी गेम उघडला. पासवर्ड चुकीचा आहे, असं आलं. मी पुन्हा टाकला, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीवरून एकेक अक्षर जुळवून. चुकीचाच. वहीत तारीख टाकली, पुढे काही लिहिता आलं नाही. खरं सांगतो, दफ्तरखान्याला आग लागली असती तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं. मी असा रड्या माणूस नाही, पण त्या दिवशी ऑफिसात गठ्ठ्यांच्या मागे जाऊन बसलो, आणि शिपाई विचारायला आला तेव्हा धूळ गेली म्हणालो. आणखी एक खोटं. सवयच लागली होती.

आमच्याकडे नियम आहे की कागद नष्ट केला तर त्याची नोंद नष्ट करता येत नाही. नष्टनोंद म्हणून वेगळं रजिस्टर असतं. काय नष्ट केलं, कधी, का, आणि कोणी. हे चारही रकाने भरून सही केल्याशिवाय मी कधी चिटोराही फाडलेला नाही. ऑफिसात. संध्याकाळी घरी आलो, कोरा कागद घेतला आणि रकाने पाडले. अनुक्रमांक एक, पत्र्याचा डबा, झाकणांसह, झाकणांची संख्या मोजली नाही. अनुक्रमांक दोन, ठिगळांचा कोट, नग एक. वर्गाच्या रकान्यात अ लिहिलं. नष्ट करण्याचं कारण या रकान्यापाशी बराच वेळ अडलो. पूर्वी लिहिलं असतं, जागेअभावी. या वेळी लिहिलं, मालकाला न विचारता. शेवटच्या रकान्यात सही केली, आणि साक्षीदार म्हणून हिची घेतली. हिने पहिल्यांदाच विचारलं नाही, सही कोणासाठी म्हणून. पाकिटात घालून साइट ऑफिसच्या पत्त्यावर टपालाने पाठवलं.

पुढच्या रविवारी फोन आला, पण ती आईशीच बोलली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग एका मंगळवारी माझ्या नावाने पाकीट आलं. आत माझाच कागद होता. खाली कोपऱ्यात ढमीच्या अक्षरात लिहिलं होतं: पोचले. पुढे तारीख, आवक क्रमांक एक, आणि पूर्ण सही.

इतक्या अर्जांत मला मिळालेली ही पहिली पोचपावती. माफ केलं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा पाहिलं, कागद उलटून मागच्या बाजूलाही पाहिलं. मग फाइल केला, वर्ग अ मध्ये.